'कोण?' आणि 'का?' : एका अपूर्ण महाकथेचे वाचक

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकी लेखकाच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ साली आला आणि पाचवा २०११ साली. संकल्प सात खंडांचा आहे. सहाव्याची वाट वाचक अजून पाहत आहेत. दरम्यान या कादंबऱ्यांवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' ही दूरचित्रवाणी मालिका निघाली, आठ पर्वे चालली आणि २०१९ साली संपलीही. मूळ कथा अपुरी आणि तिचे रूपांतर मात्र पूर्ण, अशी ही विलक्षण अवस्था आहे. या रिकाम्या जागेत वाचकांनी जे उभे केले, ते मला मूळ कादंबऱ्यांइतकेच अभ्यासण्याजोगे वाटते. त्यांनी पाने पुन्हापुन्हा चाळली, पात्रांच्या हेतूंविषयी उपपत्ती मांडल्या, एकमेकांच्या उपपत्ती खोडून काढल्या आणि त्यासाठी एखाद्या टीकाकाराला शोभेल अशा चिकाटीने पुरावे गोळा केले.

चाहत्यांच्या या उद्योगाकडे रिकामटेकडेपणा म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. उलट बाजूने, चाहते स्वतःही त्याला कोडे सोडवण्याचा खेळ समजतात. मला या दोन्ही समजुती अपुऱ्या वाटतात. या वादांमध्ये दोन वेगळ्या जातींचे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. एक 'कोण?' या जातीचा: अमक्याचा बाप कोण, तमक्याला मारले कोणी. दुसरा 'का?' या जातीचा: तो असे का वागला. पहिला प्रश्न उत्तर मिळाले की संपतो. दुसरा बहुधा तेव्हाच सुरू होतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येणे, हीच या साऱ्या वादातली खरी वाचनविद्या आहे, असे मला वाटते.

ज्यांनी हे खंड वाचलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. वेस्टरॉस नावाच्या काल्पनिक भूमीवर सिंहासनासाठी अनेक घराणी लढत आहेत. उत्तरेच्या टोकाला बर्फाची प्रचंड भिंत आहे आणि तिच्यापलीकडून एक अमानुष संकट येते आहे. कथा सुरू होण्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधी एक बंड झाले आणि ड्रॅगनचे चिन्ह मिरवणारे टार्गेरियन घराणे उलथले गेले. वादांचा बराचसा कच्चा माल त्या बंडात दडलेला आहे.

पण वाद इतके का पेटतात, याचे कारण कथानकापेक्षा निवेदनात आहे. मार्टिन यांच्या बहुतेक प्रकरणांच्या माथ्यावर एका पात्राचे नाव असते. त्या प्रकरणात आपल्याला त्या पात्राला दिसते, ऐकू येते आणि आठवते तेवढेच कळते. सर्वज्ञ निवेदक नाही. खरे काय ते सांगणारा कोणी सूत्रधार नाही. शिवाय पात्रांची स्मृतीही विश्वासाची नाही. दुसऱ्या खंडात शहरावर हल्ला होतो त्या रात्री सान्सा या मुलीच्या खोलीत एक दांडगा योद्धा येतो आणि निघून जातो. पुढच्या खंडांत तिला त्याने आपले चुंबन घेतल्याचे आठवते. ते प्रकरण उलटून पाहिले तर तिथे चुंबन नाही. लेखकाने हे जाणूनबुजून केले आहे. अशा पुस्तकाचा वाचक साक्षी तपासणाऱ्या न्यायाधीशाच्या जागी जाऊन बसतो, त्यात नवल नाही.

'कोण?' या जातीचा सर्वांत गाजलेला प्रश्न जॉन स्नोच्या जन्माचा. उत्तरेचा सरदार नेड स्टार्क हा सचोटीचा माणूस. बंडाच्या लढाया संपवून तो घरी परतला तो एक तान्हे मूल घेऊन. आपला अनौरस मुलगा म्हणून त्याने त्याला वाढवले आणि आई कोण हे पत्नीलाही सांगितले नाही. वाचकांनी पहिल्या खंडापासूनच धागे जुळवायला सुरुवात केली. नेडची बहीण लियाना रक्ताळलेल्या शय्येवर मरताना त्याच्याकडून एक वचन घेते, पण ते वचन कोणते हे लेखक सांगत नाही. युद्ध हरल्यात जमा असताना राजाच्या शरीररक्षक दलातले तीन नामांकित योद्धे एका एकाकी मनोऱ्यावर पहारा देत असतात. राजपुत्र रेगारने पूर्वी एका क्रीडास्पर्धेत आपल्या पत्नीला डावलून निळ्या गुलाबांचा मुकुट लियानाला दिलेला असतो. आणि दुसऱ्या खंडात दूर देशी असलेल्या डेनेरिसला जे दृष्टान्त होतात, त्यांत बर्फाच्या भिंतीच्या फटीत एक निळे फूल उगवलेले दिसते. जॉन त्याच भिंतीवर पहारेकरी आहे. निष्कर्ष असा की जॉन हा नेडचा मुलगा नसून रेगार आणि लियाना यांचा आहे.

मालिकेच्या निर्मात्यांनी सांगितलेली एक हकिकत प्रसिद्ध आहे. हक्क मागायला ते मार्टिन यांना भेटले, तेव्हा त्यांनी विचारले, जॉनची आई कोण? निर्मात्यांनी दिलेले उत्तर बरोबर ठरले. २०१६ साली सहाव्या पर्वाच्या अखेरच्या भागात ते पडद्यावर आले. पुस्तकात मात्र ते अजून उघड सांगितलेले नाही.

इथे 'कोण?' संपले. पण लगेच 'का?' उभे राहिले. नवा राजा रॉबर्ट टार्गेरियनांचा कडवा द्वेष करणारा. रेगारच्या कोवळ्या मुलांच्या हत्येकडे त्याने डोळेझाक केली होती. तेव्हा नेडने जगाशी खोटे बोलणे समजते. पण पत्नीशी? कॅटलिन वर्षानुवर्षे त्या पोरात नवऱ्याचा व्यभिचार पाहत राहिली आणि त्या पोराने तिच्या नजरेतला तिरस्कार सोसला. एक शब्द सांगितला असता तर दोघांचे दुःख टळले असते. नेडने भाच्याच्या जिवापुढे पत्नीचे सुख गौण मानले, की तिच्यावर पुरता विश्वासच टाकला नाही? याचे उत्तर कुठल्याही निळ्या फुलात नाही.

जेमी लॅनिस्टरचे उदाहरण याहून बोलके आहे. शरीररक्षक असूनही त्याने आपल्याच राजाला, वेड्या एरिसला, ठार मारले, म्हणून सारे जग त्याला राजघातकी म्हणते. पहिल्या दोन खंडांत तो आपल्याला इतरांच्या नजरेतूनच दिसतो, शिवाय सात वर्षांच्या ब्रॅनला खिडकीतून ढकलताना. तिसऱ्या खंडात प्रथमच त्याच्या नावाची प्रकरणे येतात. एका स्नानगृहात तो ब्रिएन या योद्धा स्त्रीला सांगतो की एरिसने सारी राजधानी माणसांसकट जाळण्याचा हुकूम दिला होता आणि ते रोखण्यासाठीच आपण त्याला मारले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. कोणी मारले हे पहिल्यापासून ठाऊक होते; का मारले हे आता कळले. तरीही वाद मिटला नाही. हे त्याने इतकी वर्षे कोणालाच का सांगितले नाही? नेडने त्याला सिंहासनावर बसलेला पाहिले आणि मनोमन निकाल दिला, त्या एका नजरेचा राग? की स्वतःचे समर्थन करण्याची वेळ यावी हाच अपमान वाटला? शहर वाचवणारा हात आणि मुलाला ढकलणारा हात एकाच माणसाचा आहे. वाचकांचे तट पडतात ते इथे. एक तट जेमीला माफ करू पाहतो, दुसरा त्याच्या कबुलीतही बढाई शोधतो. पुस्तक दोघांनाही पुरावे पुरवते.

दोन प्रश्नांची गल्लत कशी होते, याचा नमुना म्हणजे हेरप्रमुख व्हॅरिस. पाचव्या खंडाच्या उपसंहारात तो मरणाच्या दारातल्या केव्हन लॅनिस्टरला सांगतो की रेगारचा मेला समजला गेलेला मुलगा एगॉन जिवंत आहे आणि राज्य करणे हे आपले कर्तव्य आहे अशा शिकवणीत तो वाढला आहे. मरणाऱ्याशी खोटे कशाला बोलायचे, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, हा एगॉन तोतया आहे. टार्गेरियनांचीच एक बंडखोर शाखा होती, ब्लॅकफायर, तिचा तो वंशज. मुख्य घराण्याचे चिन्ह तांबडा ड्रॅगन, या शाखेचे काळा. पुरावा म्हणून चौथ्या खंडातली एक खानावळ दाखवली जाते. तिच्या दारावर काळ्या लोखंडी ड्रॅगनची पाटी होती. एका सरदाराने तिचे तुकडे करून नदीत फेकले. पुढे त्या ड्रॅगनचे एक डोके किनाऱ्याला लागले, तेव्हा ते गंजून तांबडे झाले होते. काळे ते पाण्यातून तांबडे होऊन परतले!

हा तर्क मला देखणा वाटतो आणि बहुधा तो खराही असेल. पण त्यावरून व्हॅरिसचे सारे बोलणे ढोंग ठरवले जाते, तिथे मी थांबतो. मुलगा तोतया निघाला तरी, नीट वाढवलेला तोतया हा बेताल खऱ्या वारसापेक्षा बरा, असे व्हॅरिस प्रामाणिकपणे मानत असू शकेल. गंजलेल्या डोक्यावरून वंश कळेल, मन कळणार नाही.

पात्रांना हाडामांसाची माणसे समजून अशी चौकशी करावी का, हा आक्षेप जुना आहे. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ च्या आपल्या शेक्सपिअरवरील ग्रंथाला परिशिष्टे जोडली. लेडी मॅकबेथ खरोखर बेशुद्ध पडली की तिने सोंग केले, असले प्रश्न त्यांत आहेत. १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी या प्रवृत्तीची थट्टा करणारा निबंध लिहिला; लेडी मॅकबेथला मुले किती, हेच त्याचे शीर्षक. नाटक ही शब्दरचना आहे, रंगमंचाबाहेर तिच्या पात्रांना आयुष्य नसते, हा त्यांचा मुद्दा. तो निम्मा मान्य करावा लागतो. पण संहिता स्वतःच एखादी जागा मोकळी ठेवते आणि तिकडे पुन्हापुन्हा बोट दाखवते, तेव्हा त्या जागेविषयी विचारणे हा संहितेने लावलेल्या वाचनाचाच भाग असतो. नेडचे वचन अशी जागा आहे. ब्रिएनची आवडती भाजी कोणती, ही नाही.

अपूर्ण पुस्तकाचे वाचक तर असे वागतातच. १८७० साली डिकन्स वारले तेव्हा एडविन ड्रूडची कथा निम्म्यावर होती. १९१४ साली लंडनमध्ये संशयित जॉन जॅस्परवर लुटुपुटीचा खटला भरला. न्यायाधीश चेस्टरटन, ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ. शेवटी न्यायाधीशांनी उपस्थित सर्वांनाच न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड ठोठावला. तर्कांचे वेड आणि त्या वेडाची जाण एकाच सभागृहात नांदू शकते, हे त्यातून दिसते.

मराठी वाचकाला तर हे परके वाटू नये. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा असा तर्क मांडला. विदुर हा यमधर्माचा अवतार आणि युधिष्ठिर धर्माचा पुत्र. वनात देह ठेवताना विदुर युधिष्ठिराच्या शरीरात प्रवेश करतो. नियोगासाठी दीर हा मान्य पर्याय. हाही 'कोण?'चाच प्रश्न आणि पुरावेही संहितेतलेच. पण तो निबंध वाचल्यावर मनात राहते ते त्यांचे पितापुत्र असणे वा नसणे नव्हे, तर एका दासीपुत्राची उभ्या आयुष्याची अबोल ओढ. तर्क सिद्ध झाला नाही तरी विदुर पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागतो. चांगल्या उपपत्तीची माझी कसोटी हीच. ती खोटी ठरली तरी तिने वाचन श्रीमंत केलेले असावे. जी केवळ खरी ठरण्यावर जगते, ती उत्तर आले की मरते.

दूरचित्रवाणी मालिकेच्या शेवटाने ही कसोटी सर्वांसमोर मांडली. २०१९ साली शेवटून दुसऱ्या भागात डेनेरिसने शरण आलेली राजधानी ड्रॅगनच्या आगीत जाळली. शेवटाची ठळक रूपरेषा मार्टिन यांनी निर्मात्यांना आधीच सांगितली होती. म्हणजे 'काय होणार' याचे उत्तर मिळाले. तरी संताप उसळला, कारण ते 'का' झाले हे पटले नाही. पुस्तकांचे वाचक तेव्हा पुन्हा पुराव्यांकडे वळले. एक बाजू म्हणाली, तिसऱ्या खंडात गुलामांच्या १६३ मुलांना खांबांवर ठोकल्याचा सूड म्हणून तिने १६३ मालकांना तसेच ठोकले, तो उतार तिथूनच सुरू होतो. दुसरी म्हणाली, पाचव्या खंडात ड्रॅगनने एका लहान मुलीला मारल्याचे कळताच हीच डेनेरिस हाती लागले ते दोन्ही ड्रॅगन साखळदंडांनी बांधून टाकते. ती अशी शहर जाळणारी कशी?

दोन्ही प्रसंग पुस्तकात आहेत आणि कोणताही दुसऱ्याला खोडत नाही. मानवी हृदयाचा स्वतःशीच चाललेला झगडा हाच लिहिण्याजोगा विषय, हे फॉकनर यांचे मत मार्टिन आवर्जून सांगतात. ते मनापासून घेतले तर डेनेरिसविषयीचा वाद एका बाजूने जिंकण्यासारखा नाही. उरलेले दोन खंड उद्या आले, तर वंशावळींचे सारे प्रश्न निकाली निघतील आणि त्यांवरच्या उपपत्ती विसरल्या जातील. नेडने पत्नीला का सांगितले नाही, जेमी इतकी वर्षे गप्प का राहिला, हे मात्र तेव्हाही वाचकांना आपापसांतच ठरवावे लागेल. ज्या पुस्तकाविषयी असे भांडता येते, ते अपुरे राहिले तरी वाचकाच्या हाती बरेच काही आलेले असते.