टपालकचेरींतून क्रीडांगणाकडे

‘आतां का शिकण्याचें वय आहे?’ हा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार ऐकूं येतो. तो विचारणारांनीं कनूट रॉकनीचें चरित्र अवश्य पाहावें.

अमेरिकेंतील नोटर डेम विद्यापीठानें १९१८ सालीं त्यास फुटबॉलचा मुख्य शिक्षक नेमिलें. हा फुटबॉल चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा. रॉकनीचा जन्म १८८८ सालीं नॉर्वेंतील व्हॉस येथें झाला. बाप गाड्या बांधणारा कारागीर. मुलगा पांच वर्षांचा असतां कुटुंब शिकागोस आलें. पुढें रॉकनीनें चार वर्षें टपालकचेरींत नोकरी केली, पैसा गांठीं बांधला, आणि १९१० सालीं, बावीस वर्षांचा झाल्यावर, महाविद्यालयांत पाऊल टाकलें. १९१४ सालीं पदवीधर होऊन तो तेथेंच रसायनशास्त्राचा साहाय्यक झाला. फुटबॉल शिकविण्याची मोकळीक असावी, एवढीच त्याची अट होती.

मुख्य शिक्षक म्हणून १३ वर्षांत त्याच्या संघानें १०५ सामने जिंकले, अवघे १२ गमावले. १९३१ सालीं विमान-अपघातांत तो निवर्तला.

स्वकष्टाच्या पैशानें घेतलेली विद्या उशिरां आली तरी वायां जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. घरांतील मुलानें किंवा सुनेनें पुन्हां पुस्तक हातीं घेतल्यास वडील मंडळींनीं वयाचा हिशेब मांडूं नये.