एकटीने व्हिएतनाम, आपल्या हाताने तिकीट काढून

मैत्रिणींनो, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मी आगगाडीचं तिकीट स्वतः कधी काढलं नव्हतं. हसू नका! तिकिटं कायम यांच्या खिशात. माझ्याकडे डबा, पाणी आणि मुलं. हे गेल्यावर तीन वर्षं मी घर सोडून कुठे हलले नाही. मग एक दिवस व्हिएतनामला जायचं ठरवलं, तेही टूरशिवाय. मुलगा म्हणाला, "आई, कुठल्यातरी टूरबरोबर जा गं, निदान जेवणाची तरी सोय होईल." सूनबाई काहीच बोलली नाही, पण संध्याकाळी बसून तिने माझ्या ई-व्हिसाचा अर्ज भरून टाकला.

हनोईत पहिल्याच दिवशी फजिती झाली. तिथे सगळा व्यवहार हजारांत आणि लाखांत. वीस हजार डाँग म्हणजे आपले साठ-सत्तर रुपये. ही नोट निळसर, आणि पाच लाखांची नोटही निळसरच! फळवालीकडून अननसाच्या फोडी घेतल्या, नोट दिली, ती गर्दीत दिसेनाशी झाली. रात्री हिशोब लिहायला बसले तेव्हा कळलं, की ते अननस मला दीड हजार रुपयांच्या वर पडलं. त्या रात्री खोलीत रडले, खोटं कशाला सांगू? वाटलं, मुलाचंच खरं. सकाळी उठून बटव्याचे दोन कप्पे केले, आपण दुधाचे आणि वाण्याचे पैसे वेगळे ठेवतो ना, तसे. लाखांच्या नोटा आत, हजारांच्या बाहेर. पुन्हा चूक झाली नाही.

रस्ता ओलांडणं हे तिथलं खरं दिव्य. स्कूटरींचा लोंढा थांबतच नाही. धावायचं नाही, मध्येच थबकायचं नाही, मागे तर मुळीच फिरायचं नाही. एका संथ चालीने पुढे जात राहायचं. स्कूटरवाले अंदाज घेऊन बाजूने जातात. बस आणि मोटार मात्र वळत नाहीत, त्यांना आधी जाऊ द्यावं. गावातल्या गावात 'से ओम' मिळते, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. 'ओम' म्हणजे मिठी मारणं, बरं का! मी मिठी न मारता मागची दांडी घट्ट धरून बसले. फोनवरच्या ग्रॅबवर गाडी मागवली तर भाडं आधीच कळतं, घासाघीस करावी लागत नाही.

पण खरी गंमत आगगाडीची. हनोई ते सायगाव हा १,७२६ किलोमीटरचा मार्ग १९३६ साली पुरा झाला, युद्धात तुटला आणि १९७६ साली पुन्हा जोडला गेला. सायगावला आता हो चि मिन्ह सिटी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी सायगावच. हनोईहून दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक विषम, उलट येणाऱ्यांचे सम. मऊ बर्थच्या खणात चार जणं, कडक बर्थच्या खणात सहा. कडकमधला सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त असतो, पण गुडघे दुखत असतील तर खालचाच मागा. पासपोर्टवरचंच नाव तिकिटावर आहे ना, ते खिडकीशीच पाहून घ्या. मी ते चार वेळा पाहिलं.

समोरच्या बर्थवर एक आजीबाई होत्या. त्यांनी बोटांनी खुणा करून पहिलं काय विचारलं, तर माझं वय! आधी रागच आला. मागून समजलं, की त्यांच्या भाषेत समोरच्याला ताई म्हणायचं, मावशी की आजी, हे वयावरून ठरतं. न विचारता बोलायचं कसं? मी त्यांना थेपला दिला, त्यांनी मला पेरू दिला. ह्वे ते दानांग या टप्प्यात गाडी हाय व्हान घाटाच्या कडेने समुद्राला चिकटून जाते. दक्षिणेला जाताना डावीकडची खिडकी धरा.

होइआनला स्टेशन नाही. दानांगला उतरून तीसेक किलोमीटर गाडीने जावं लागतं. तिथून मी सन जवळ आहे. चौथ्या ते तेराव्या शतकात चंपाच्या राजांनी तिथे भद्रेश्वर शंकराची विटांची देवळं बांधली. १९६९ च्या बॉम्बहल्ल्यात पुष्कळशी कोसळली. उरलेल्या भिंतींपाशी अर्धा तास नुसती बसले.

शाकाहारी भगिनींसाठी एक सूचना. 'आन चाय' म्हणजे शाकाहार; चहा समजू नका! 'कॉम चाय' अशी पाटी असेल तिथे खुशाल जेवा. इतरत्र नुसत्या भाजीतही माशांचा सॉस पडलेला असतो, तेव्हा विचारून घ्या. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले बरेच लोक स्वतःच शाकाहार पाळतात, त्या दिवशी निवड भरपूर. शिवाय पिशवीत मेतकूट असावं. भात कुठेही मिळतो.

आणि 'तेत' म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, जाऊ नका. सगळा देश घरी निघालेला असतो, बर्थ मिळत नाही.

परतीचं तिकीट मी दानांग स्टेशनच्या खिडकीवर काढलं. सम क्रमांकाची गाडी, खालचा बर्थ. यावेळी समुद्र उजवीकडे.