खुबा, दुपटं आणि कडेवरचं बाळ

मंडळी, खुब्याचं दुखणं म्हटलं की आपल्याला म्हातारी माणसं आठवतात. आज बोलायचंय ते तान्ह्या बाळाच्या खुब्याबद्दल.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं, ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. जन्माच्या वेळी ही वाटी उथळ असते, बरीचशी मऊ कूर्चेची. चेंडू आत नीट बसून राहिला तर वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. तो बाहेर सरकलेलाच राहिला तर वाटी सपाट राहते. याला डॉक्टर डीडीएच म्हणतात. यात बाळाला दुखत नाही, ते रडत नाही. म्हणूनच कळायला उशीर होतो.

आता आपल्या सोलापुरातल्या घरांत काय होतं बघा. न्हाऊ घालणारी मावशी येते, मालिश करते, पाय ओढून सरळ करते आणि दोन्ही पाय जुळवून दुपट्यात घट्ट गुंडाळते. पाय वाकडे राहू नयेत म्हणून! पण या वयात पाय बेडकासारखे दुमडलेले, फाकलेलेच असायला हवेत. चेंडू वाटीत तेव्हाच नीट बसतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळांचे पाय सरळ बांधू नका अशी मोहीम निघाली. तिथे शंभरात एकाहून जास्त बाळांना हा दोष होता, तो हजारात दोनच्या खाली आला. मावशींना कामावरून काढू नका हं. (हशा) छातीशी गुंडाळा, कमरेखाली दुपटं सैल ठेवा, एवढंच त्यांना सांगा. आणि मान धरायला लागल्यावर बाळाला कडेवर घ्यायची आपली पद्धत, पाय दोन्ही बाजूंना टाकून, ती खुब्याला फार चांगली.

जास्त जपायचं कुणाला? मुलींना, पहिल्या बाळाला, घरात कुणाला हा त्रास असेल तर, आणि पायाळूंना. पायाळूवर वीज पडते, त्यानं लाथ मारली की उसण जाते, हे सगळं आपल्याला पाठ असतं. त्याच्या खुब्याची सोनोग्राफी सहाव्या आठवड्याला करायची, हे मात्र कुणी सांगत नाही!

लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी उघडत नसेल, किंवा गुडघे दुमडल्यावर एक खाली दिसत असेल, तर दाखवा. नुसता ‘कट्’ आवाज आला तर घाबरू नका. सहा महिन्यांच्या आत सापडलं तर बहुतेकदा कापडी पट्ट्यांवर भागतं. त्याला पाव्हलिक हार्नेस म्हणतात. त्यानंतर भूल देऊन सांधा बसवणं आणि कमरेपासून प्लास्टर. दीड वर्षानंतर बहुधा शस्त्रक्रिया. हाडवैद्याकडे ओढून घेऊ नका. जोर लावला तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांना मुद्दाम सांगा, खुबा बघा म्हणून.

एका आजींचा प्रश्न आलाय: नात चार वर्षांची, लंगडते, दुखत नाही म्हणते, थांबू का?

नाही आजी, थांबू नका. या आठवड्यात दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढा आणि लहान मुलांची हाडं बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. चौथ्या वर्षी ऑपरेशन मोठं असतं, पण होतं. तसंच सोडलं तर तिशी-चाळिशीत सांधा झिजतो आणि तेव्हा तो बदलावा लागतो. येताना तिला चालवतच आणा, कडेवर नको. चाल बघायची असते.