पाळी आतच अडते तेव्हा

मुलगी तेरा-चौदा वर्षांची होते. अंग भरते, छाती वाढते. मग पाळी येते. पण एखादीची येत नाही. आमच्या गंगापूर रोडवर शाळा-कॉलेजं पुष्कळ. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलीही इकडे शिकायला येऊन राहतात. अशी एखादी मुलगी दर महिन्याला चार दिवस पोट धरून बसते. कोणी म्हणतं बाधा झाली, कोणी म्हणतं अभ्यास नको म्हणून सोंग करते. पुढे ओटीपोटात गोळा लागतो. मग बायका कुजबुजतात आणि नको तो संशय घेतात. पोर बिचारी तोंड मिटून सोसते.

हे होते कशाने? गर्भपिशवीतले रक्त योनिमार्गाने बाहेर येते. त्या वाटेच्या तोंडाशी पातळ पडदा असतो, त्याला भोक असते. हजार-दोन हजार मुलींत एखादीच्या पडद्याला जन्मतःच भोक नसते. यात तिचा दोष नाही, तिच्या आईचाही नाही. पाळी वेळेवर सुरू होते, पण रक्त आतच साठते. साठून साठून ते काकवीसारखे काळे, दाट होते. मूत्राशयावर दाब पडतो. कित्येकदा लघवी तुंबली म्हणूनच मुलीला दवाखान्यात नेतात, आणि तिथे खरे कारण कळते.

डॉक्टरीणबाई आधी विचारतात, मग नुसते पाहतात. पडदा निळसर, फुगलेला दिसतो. पोटावरून सोनोग्राफी करतात, ती दुखत नाही. मग भूल देऊन पडद्याला छेद देतात. साठलेले रक्त वाहून जाते. मुलगी बहुधा एक-दोन दिवसांत घरी येते आणि पुढे पाळी नीट येते. घरी किंवा कोणा वैदूकडून सुई टोचून रक्त काढवू नये. जंतू आत जातात, जिवावर बेतते.

"पडदा कापला तर पोरीचं लग्न कसं व्हायचं?" असे घरचे विचारतात. आम्ही उलट विचारतो, तो तसाच ठेवला तर संसार कसा व्हायचा? रक्त मागे नळ्यांत चढले, तर पुढे मूल राहायलाही अडचण येऊ शकते.

कधी अडथळा वर असतो, जाड असतो. तेव्हा एमआरआय काढतात. शस्त्रक्रिया मोठी असते, तीस जाणता सर्जन लागतो. तोवर गोळ्यांनी पाळी थांबवून ठेवतात. क्वचित गर्भपिशव्या दोन असतात आणि एकीचीच वाट बंद असते. अशा मुलीला पाळी येते, तरी दुखणे दर महिन्याला वाढत जाते. तिला बहुधा त्या बाजूचे मूत्रपिंडही नसते, म्हणून डॉक्टर तेही तपासतात.

पंधरा वर्षे पुरी होऊनही पाळी आली नाही, तर मुलीला दाखवावे. दर महिन्याला पोट दुखत असेल, तर तेवढेही थांबू नये. नाशिकला त्र्यंबक रोडवर सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. जाताना पोट कोणकोणत्या तारखांना दुखले, ते कागदावर लिहून न्यावे.