जुन्या मॉडेलचा चिवटपणा
भिवंडीचा साधा माग, त्याची किंमत आणि त्याच्या नव्या आवृत्त्या

भिवंडीत यंत्रांचे दोन हिशेब शेजारी-शेजारी चालतात. माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यातल्या गोदामांत ऑनलाइन मागवलेला माल उतरतो आणि चढतो. तिथे यंत्राचं वय मॉडेलवरून ठरतं. नवं मॉडेल आलं की जुन्यावर सवलत लागते आणि वर्षा-दोन वर्षांत ते यादीतून गायब होतं. तिथून गावात शिरून शांतीनगर, गैबीनगर, नारपोली किंवा पद्मानगरच्या गल्ल्यांतून चालत गेलं, की पत्र्याच्या शेडमधून साध्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. या मागाची मूळ रचना १८४२ च्या आसपासची आहे. त्यानंतर जगात मागाची अनेक मोठी मॉडेलं आली, सरकारने नव्या मागांसाठी अनुदानं दिली, तरी साधा माग अजून चालतोच आहे.

‘भिवंडीवाले मागासलेले’ असं म्हणून हा विषय मिटवता येतो, पण ते खरं नाही. भिवंडीचा कारखानदार पैशा-पैशाचा हिशेब करतो. तो जुनं यंत्र ठेवतो त्यालाही हिशेबच कारण आहे.

मागाची एक फेरी

साधा माग काय करतो हे जवळून पाहिलं तर बरंचसं आपोआप कळतं. मागच्या बीमवरून खळ दिलेले हजारो उभे धागे पुढे येतात. उभे धागे ओवलेल्या वह्यांची एक चौकट वर जाते, दुसरी खाली येते आणि उभ्या धाग्यांत एक फट पडते. त्या फटीतून लाकडी धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि धोटा जाताना आडवा धागा सोडत जातो. मग फणी पुढे येऊन तो धागा कापडाला ठोकून बसवते. अशी एक फेरी म्हणजे एक पिक. साधा माग मिनिटाला साधारण १०० ते १५० फेऱ्या मारतो.

आडवा धागा तुटला तर काट्यासारखा छोटा भाग ते ओळखतो आणि माग थांबतो. उभा धागा तुटला तर मात्र मागाला पत्ता लागत नाही. कामगाराची नजर गेली नाही, तर कापडात लांबच्या लांब फट पडत जाते. कांडी दर काही मिनिटांनी संपते. कामगार माग थांबवतो, धोटा बाहेर काढतो, रिकामी कांडी काढून भरलेली बसवतो, टोक ओढून घेतो आणि दांडा ढकलून माग पुन्हा सुरू करतो. चार-सहा माग सांभाळणाऱ्या माणसाची पाळी याच हालचालीत संपते, बहुतेक ठिकाणी ती बारा तासांची असते.

मॉडेलांची वंशावळ

धावता धोटा जॉन के याने १७३३ मध्ये आणला. एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये यंत्रमागाचं पेटंट घेतलं. १८४२ च्या सुमारास केनवर्दी आणि बुलो या जोडीने आडवा धागा तुटल्यावर माग थांबवणारी सोय बसवली आणि लँकेशायर माग तयार झाला. भिवंडीचा साधा माग इथपर्यंतचा आहे. पुढची आवृत्ती नॉर्थ्रॉपची. तिच्यात कांडी आपोआप बदलू लागली. १९२४ मध्ये जपानच्या साकिची तोयोदा यांनी भर वेगात धोटा बदलणारा माग सिद्ध केला. त्याच्या पेटंटमधून आलेला पैसा पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटारधंद्याच्या उभारणीला लागला, तीच आजची टोयोटा. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सुल्झरने धोटाच काढून टाकला. मग धाग्याला पकडून नेणारे रेपियर आले, हवेच्या झोताने धागा फेकणारे एअरजेट आले आणि पाण्याच्या धारेने फेकणारे वॉटरजेट आले.

भिवंडीकडे मात्र मॉडेलं या क्रमाने आली नाहीत. हातमागावर विणणारे मोमीन अन्सारी उत्तर प्रदेशातून आणि पद्मशाली तेलंगणातून इथे येऊन स्थिरावले होते. वीज आल्यावर हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्यांचं विणकामाचं काम भिवंडीकडे वळलं. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही अनेकांनी विकत घेतले. यंत्र किलोच्या भावाने यायचं, जॉबर, म्हणजे माग जुळवणारा मिस्त्री, ते उभं करायचा, झिजलेला भाग गल्लीतल्या लेथवर घडवून मिळायचा. ज्या यंत्राचा प्रत्येक सुटा भाग अर्ध्या तासात मिळतो, ते जुनं व्हायला फार वेळ लागतो.

कन्सोलचा दाखला

किंमत आणि आवृत्ती यांनी यंत्राची मागणी कशी ठरते, हे गेमिंग कन्सोलच्या धंद्यात फार स्पष्ट दिसतं. सोनीचा प्लेस्टेशन २ जपानमध्ये २००० साली आला. अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा २९९ डॉलर होती, ती उतरत उतरत २००९ मध्ये ९९ डॉलरवर आली. दरम्यान २००४ मध्ये त्याची सडपातळ आवृत्ती निघाली. तिच्यात हार्ड डिस्कची जागा काढून टाकली होती, तरी ती ग्राहकांनी घेतली, कारण यंत्र लहान झालं होतं आणि जुन्या प्लेस्टेशनच्या डिस्कही त्यावर चालत होत्या. २०१३ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं तोवर हा कन्सोल १५ कोटींहून जास्त विकला गेला होता.

आता नियम उलटला आहे. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची किंमत ५४,९९० झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये आलेली सडपातळ आवृत्तीही त्याच किमतीला मिळाली. आवृत्ती नवी पण स्वस्ताई नाही, असं झालं की गिऱ्हाईक जुनं यंत्रच पुसून वापरतं.

या धंद्यात आणि मागाच्या धंद्यात एक मूलभूत फरक आहे. कन्सोलवाली कंपनी यंत्रावर नफा कमी ठेवू शकते, प्रसंगी तोटाही सोसते, कारण विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधून तिला वाटा मिळतो. माग बनवणाऱ्या कंपनीला कापडातून एक छदामही मिळत नाही. त्यामुळे ती सगळी किंमत पहिल्याच दिवशी वसूल करते. मागाची किंमत खाली आणणारा दुसरा कोणी असलाच तर तो सरकार.

पैशा-पिकचं गणित

भिवंडीतले बरेच कारखानदार मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. कारखानदाराला दर पिकमागे पैसे मिळतात. कोणत्या जातीचं कापड विणायचं, म्हणजे बाजाराच्या भाषेत कोणती ‘क्वालिटी’ चालवायची, हेही व्यापारी सांगतो.

हिशेबासाठी इंचाला ४८ पिकचं साधं ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड धरू. मिनिटाला १२० फेऱ्या मारणारा माग अडीच इंच विणतो. कांडी बदलणं, धागा तुटणं, वीज जाणं धरून तो सत्तर टक्के वेळ चालला, तर २४ तासांत सुमारे ६४ मीटर कापड निघतं. मिनिटाला ६०० फेऱ्यांचा एअरजेट नव्वद टक्के वेळ चालला, तर तेच कापड ४११ मीटर निघेल, म्हणजे सहापटींहून जास्त. इथवर एअरजेटची बाजू बिनतोड आहे.

आता मजुरी इंचातल्या दर पिकला मीटरमागे ८ पैसे धरा, म्हणजे ४८ पिकच्या कापडाला मीटरला ३ रुपये ८४ पैसे. साधा माग दिवसाला सुमारे २४६ रुपये आणेल, एअरजेट १,५७८. एअरजेट ३० लाखांचा आणि व्याज दहा टक्के धरलं, तर नुसतं व्याज रोजचं ८२२ रुपये होतं. मुद्दल, कॉम्प्रेसरची वीज, तंत्रज्ञाचा पगार अजून धरलेलाच नाही. सात साधे माग मिळून एअरजेटपेक्षा जास्त कमावतात आणि त्यांच्यावर कर्ज नसतं. त्यांना माणसं जास्त लागतात, जागा जास्त लागते, कापडात दोष जास्त येतात, हे खरं. पण स्वस्त ग्रे कापडाला व्यापारी दोषाचे पैसे कापून घेतो आणि माल उचलतो.

एअरजेटला शोभेल असं काम वेगळं असतं. रुंद पन्ह्याचं, बिनडागाचं, निर्यातीचं कापड, ज्याची मजुरीच मुळात जास्त असते. ज्याच्या हाती अशा मालाची ऑर्डर आहे, त्याला नवं यंत्र फायद्यात पडतं. ज्याच्या हाती ती नाही, तो नव्या यंत्रावर जुनंच कापड विणतो आणि हप्त्यात बुडतो.

शिवाय मंदीचा प्रश्न आहेच. सुताचा भाव चढतो, व्यापारी माल घेणं थांबवतो, नोटाबंदी येते, टाळेबंदी येते. अशा वेळी साध्या मागाचा मालक शेडला कुलूप लावतो. एअरजेटच्या मालकाला बँकेचा हप्ता चुकत नाही. साध्या मागाचं खरं आकर्षण तो स्वस्तात चालतो यापेक्षा तो स्वस्तात बंद राहू शकतो, यात आहे.

जुनं नव्याला बसत नाही

किमतीपलीकडे जुळणीची अडचण असते. प्लेस्टेशन २ वर जुन्या डिस्क चालल्या, तसं मागाचं होत नाही. रेपियरला कांडी लागत नाही, त्यामुळे कांडी भरणारं यंत्र आणि ते चालवणारा माणूस दोन्ही निकामी होतात. जुने बीम सहसा नव्या मागाला बसत नाहीत. धोटा धागा न तोडता परत फिरतो म्हणून कापडाला बंद किनार आपोआप मिळते. रेपियर आणि एअरजेटवर प्रत्येक आडवा धागा कापला जातो, म्हणून किनार वेगळी बांधावी लागते आणि काठाला सूत वाया जातं. वेगाचा ताण सोसायला सूत चांगलं आणि खळ नीट बसलेली लागते. संथ मागावर कसंबसं निघून जाणारं हलकं सूत एअरजेटवर सारखं तुटतं.

सरकारची दुरुस्ती

नव्या मागांसाठी केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना १ एप्रिल १९९९ पासून होती. तिचा लाभ बँकेच्या कर्जाला जोडलेला होता, म्हणून भाड्याच्या शेडमध्ये, भागीच्या मागांवर चालणारा छोटा कारखानदार बाहेरच राहिला. त्याच्यासाठी जुन्याच सांगाड्यावर नवे भाग बसवायची योजना आली. उभा धागा तुटताच माग थांबवणारी सोय, बीम बेताने सोडणारी रचना, चांगला ब्रेक, वंगण न लागणारे नायलॉनचे भाग, असं ते सगळं होतं. खर्चाचा अर्धा भाग सर्वसाधारण गटाला, अनुसूचित जातींना ७५ टक्के, जमातींना ९० टक्के अनुदान आणि मर्यादा आठ मागांची. १ एप्रिल २०१७ ला ही योजना ‘पॉवरटेक्स इंडिया’ या एकत्रित कार्यक्रमात आली आणि त्याचा शुभारंभ भिवंडीतच झाला.

नवं यंत्र विकत घ्या म्हणण्यापेक्षा ही कल्पना शहाणपणाची होती. पण तिने माग सुधारला, मजुरीचा दर सुधारला नाही. उभा धागा तुटताच थांबणारा माग कमी दोषाचं कापड देतो. त्याबद्दल पिकमागे चार आणे सोडा, एक पैसा जास्त मिळेल याची हमी मात्र कोणी देत नाही. उलट विजेच्या सवलतीचा परिणाम तात्काळ दिसतो. महाराष्ट्रात २७ हॉर्सपॉवरपर्यंतचे आणि त्यावरचे यंत्रमाग असे दोन गट आहेत आणि २०२४ मध्ये राज्याने छोट्या गटाला युनिटमागे एक रुपया, मोठ्याला ७५ पैसे अशी जादा सवलत ठरवली. साध्या मागाला साधारण एक हॉर्सपॉवरची मोटार पुरते, म्हणजे दोन डझन माग छोट्या गटात आरामात बसतात. एअरजेटसारख्या शटललेस, म्हणजे बिनधोट्याच्या मागाला कित्येक पट शक्ती लागते. एका हाताने नव्या यंत्राला अनुदान आणि दुसऱ्या हाताने जुन्याला स्वस्त वीज, असा हा कारभार आहे.

बंद राहण्याची किंमत कोणाची

माग स्वस्तात बंद राहतो, पण मालकाच्या वहीत. त्यावर काम करणाऱ्याला मीटरवर पैसे मिळतात. शेडला कुलूप लागलं की त्याची मजुरी त्याच दिवशी थांबते, भिशीतल्या, म्हणजे कामगारांच्या खाणावळीतल्या जेवणाची उधारी चढत जाते आणि अखेर तो गावाची गाडी पकडतो. जुन्या मॉडेलचा जो खर्च किमतीत दिसत नाही, तो इथे भरला जातो. मंदीचा विमा कामगार उतरवतो आणि त्याचा हप्ता कोणी त्याला परत देत नाही. बंद काळात अर्धी मजुरी द्यायची सक्ती झाली असती, तर मालकांनी कितीतरी आधी चांगलं यंत्र आणि बांधलेली ऑर्डर यांचा शोध घेतला असता.

आता साध्या मागाला धक्का बसतो आहे, पण तो एअरजेटकडून नाही. मुंबईच्या उंबरठ्यावरच्या या गावात गोदामांची आणि इमारतींची मागणी वाढली, तसं शेडखालच्या जमिनीचं मोल मागाच्या कमाईच्या पुढे गेलं. महिनाभर बंद राहिलेली शेड पूर्वी फुकट उभी असायची. आता तिच्या जागेला रोजचं भाडं आहे. बंद राहणं महाग झालं, तसे अनेक माग आले तसेच किलोच्या भावाने भंगारात गेले. साध्या मागाला हटवायला चांगलं मॉडेल पुरलं नाही, महाग जमीन पुरली. ज्यांना भिवंडीत विणकाम टिकवायचं आहे, त्यांनी यंत्राच्या किमतीवर अनुदान देण्याआधी मजुरीचा दर, ऑर्डरची मुदत आणि बंद दिवसाचा पगार या तीन गोष्टींवर बोलावं. नवा माग घेण्याचं धाडस कारखानदार त्यानंतरच करेल.