मियाटाला 17 ऐवजी 16 इंची चाकं
माझदा एमएक्स-5 ची चौथी पिढी, म्हणजे 2015 पासूनची मियाटा. हिच्यावर 17 इंची चाकं रुबाबदार दिसतात, पण पळायला 16 इंचीच बरी! 205/45आर17 टायरचा व्यास सुमारे 616 मिमी, 195/50आर16 चा 601. या जेमतेम अडीच टक्क्यांच्या फरकाने गिअरिंग तेवढंच आखूड होतं. शिवाय रिम हलकी, फोर्ज्ड घेतली तर आणखी फायदा: चाकाला नुसतं पुढे जायचं नसतं, गरगर फिरायचंही असतं, म्हणून कडेचं वजन घटणं फार मोलाचं. खडबडीत वळणावरही टायर रस्त्याला धरून राहतो. स्पीडोमीटर मात्र वेग किंचित जास्त दाखवतो. आणि ब्रेम्बो ब्रेक असतील तर कॅलिपर रिमला घासत नाही ना, हे विकत घेण्याआधी बघाच.