मार्गमापक

मार्गमापक : चाकाच्या फेऱ्यांच्या संख्येवरून वाहनाने आक्रमिलेले अंतर दर्शविणारे उपकरण. यालाच ओडोमीटर असेही म्हणतात. चाक न घसरता सरळ रेषेत गेल्यास एका पूर्ण फेऱ्यात ते आपल्या परिघाइतके अंतर तोडते. वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर (पाय, सु. ३.१४१६) सर्व वर्तुळांच्या बाबतीत सारखेच असल्याने पुढील सूत्र मिळते : अंतर = ३.१४१६ × व्यास × फेऱ्यांची संख्या. उदा., ७० सेंमी. व्यासाच्या सायकलीच्या चाकाचा परीघ सु. २२० सेंमी. असून १ किमी. अंतर जाण्यास त्याचे सु. ४५५ फेरे होतात.

इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद विट्रुव्हियस याने अशा साधनाचे वर्णन केले आहे. गाडीच्या चाकाचा परीघ १२.५ रोमन फूट असे. प्रत्येक फेऱ्यास ४०० दाते असलेले दंतचक्र एका दात्याने पुढे सरके. त्याचा एक फेरा पुरा झाला म्हणजे ५,००० फूट, अर्थात एक रोमन मैल पुरा होई व एक खडा भांड्यात पडे. प्रवासाअखेर खडे मोजले की मैल समजत. आधुनिक मोटारगाडीत संवेदक फेरे मोजतो. तत्त्व मात्र तेच आहे.

हे उपकरण प्रत्यक्षात फक्त फेरे मोजते; अंतर हे गृहीत धरलेल्या परिघावरून काढलेले असते. त्यामुळे परिघात जितके टक्के चूक, तितकीच अंतरात येते. ६० सेंमी. व्यासाच्या टायरची ६ मिमी. झीज झाल्यास व्यास ५८.८ सेंमी. होतो, म्हणजे २ टक्क्यांनी घटतो. मग उपकरणावर १ किमी. दिसत असता गाडी ९८० मी. इतकीच गेलेली असते. फेऱ्यांवर चालणाऱ्या भाडेमापकाच्या बाबतीत हा भुर्दंड प्रवाशावर पडतो. मोठ्या व्यासाचा टायर बसविल्यास याउलट घडते. हवेचा दाब व भार यांनीही परिणामी परीघ बदलतो. चिखलात चाक जागीच फिरल्यास अंतर जास्त, तर गतिरोधक दाबल्यावर ते न फिरता घसरल्यास कमी दाखविले जाते.

म्हणून अचूक कामासाठी व्यासावर विसंबून न राहता प्रमाणन करतात. चाकावर व जमिनीवर खूण करून, नेहमीचा भार ठेवून चाक सरळ रेषेत १० फेरे चालवितात व तोडलेल्या अंतरास १० ने भागतात. मॅरेथॉन शर्यतीचा ४२.१९५ किमी. मार्ग फेरे मोजणारे गणित्र बसविलेल्या सायकलीने मोजतात. पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर तिचे प्रमाणन मोजणीपूर्वी व मोजणीनंतरही करतात. कारण तापमानाबरोबर टायरमधील दाब बदलतो. मार्ग आखूड भरू नये म्हणून त्यात दर किलोमीटरला १ मी. जादा धरतात.